डाव्या कुशीतलं मूत्रपिंड: दापोली किनाऱ्यावरचं एक प्रकरण

रुग्ण ४७ वर्षांच्या बाई. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर घर. हर्णै बंदरावरच्या लिलावातून मासळी उचलायची, बर्फ घालून टोपली डोक्यावर घ्यायची आणि आतल्या गावांत फिरून विकायची, हा पंचवीसेक वर्षांचा उद्योग. वजन ४९ किलो. मधुमेह नाही, पूर्वी कसलंही ऑपरेशन नाही. मिशेरी दिवसातून दोनदा. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. आजार, आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

गणपतीच्या दिवसांत त्यांना थंडी वाजून ताप आला. घरात पाहुणे, त्यामुळे दोन दिवस तापाच्या गोळीवर काढले. तिसऱ्या रात्री हुडहुडी थांबेना, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मुलाने शेजाऱ्याच्या गाडीतून आणलं. आल्यावर ताप १०३, नाडी ११८, रक्तदाब ९४/६०. डाव्या कुशीवर नुसता हात ठेवला तरी त्या कळवळत होत्या, आणि फासळीखाली एक मऊ, मोठा गोळा हाताला लागत होता. रक्तात पांढऱ्या पेशी १९,०००, हिमोग्लोबिन ९.४. क्रिएटिनीन १.१, म्हणजे जवळपास नॉर्मल.

या शेवटच्या आकड्यावर थोडं थांबतो, कारण कितीतरी लोक त्यावर विसंबून राहतात. क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो कचरा, आणि तो दोन्ही मूत्रपिंडांचा मिळून हिशोब सांगतो. एक पूर्ण बंद पडलं आणि दुसरं धडधाकट असलं, तर रिपोर्टवर सगळं आलबेल दिसतं. "किडनीची टेस्ट केली, नॉर्मल आहे" हे वाक्य या बाईंच्या घरी गेली काही वर्षं खात्रीने बोललं जात होतं. टेस्ट खरी होती. डावं मूत्रपिंड बंद पडल्याचं तिच्यातून कळणार नव्हतं, एवढंच.

सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाची पिशवी झालेली दिसली, आत गढूळ द्रव. सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झालं. मूत्रपिंडातून मूत्रनलिका जिथे सुरू होते त्या तोंडाशीच २२ मिलिमीटरचा खडा अडकलेला. मूत्रपिंडाची लांबी १५ सेंटिमीटर, पण ती सगळी फुगवट्याची. लघवी तयार करणारा मांसल थर जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता, काही ठिकाणी तोही नाही. उजवं मूत्रपिंड ११.८ सेंटिमीटर, नेहमीपेक्षा किंचित मोठं. दोघांचं काम एकट्याने करत आलेलं मूत्रपिंड असंच वाढतं.

त्या रात्री मुलाने विचारलं, "सर, सडलेली किडनी आहे तर आत्ताच काढून टाका ना." प्रश्न चुकीचा नव्हता. पण रक्तदाब खाली, अंगभर जंतुसंसर्ग, भोवतालचे सगळे थर सुजलेले. अशा वेळी मूत्रपिंड काढायला जाणं म्हणजे माणूस टेबलावर गमावण्याची जोखीम. आणि ते मूत्रपिंड खरंच निकामी आहे का, हे पू भरलेला असताना ठरवताच येत नाही. दाबाखाली असलेलं मूत्रपिंड मेल्यासारखं दिसतं, दाब गेला की कधी कधी थोडं सावरतं. म्हणून आधी पू बाहेर, निर्णय नंतर.

सोनोग्राफीवर बघत, पाठीची कातडी बधिर करून, कुशीतून सुई घातली आणि तिच्या वाटेने नळी आत सरकवली. सुईतून आधी काहीच येईना, पू इतका दाट होता. जाड नळी बसल्यावर पिशवीत जवळपास अर्धा लिटर उतरला. वास सगळ्या खोलीभर. पहाटेपर्यंत रक्तदाब ११० वर आला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कल्चरमध्ये ई. कोलाय हा नेहमीचाच जंतू निघाला आणि साध्या इंजेक्शनांना दाद देणारा निघाला, हे त्यांचं नशीब.

आठ वर्षं

ताप उतरल्यावर बाई बोलत्या झाल्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी एक जुना सोनोग्राफी रिपोर्ट जपून ठेवला होता, आठ वर्षांपूर्वीचा. त्यात डाव्या बाजूला ९ मिलिमीटरचा खडा आणि मूत्रपिंडाला मध्यम सूज असल्याचं छापलेलं होतं. तेव्हा कळा इतक्या भयंकर होत्या की त्या अंगणात लोळल्या होत्या. एका दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, गोळ्या मिळाल्या, "पाणी भरपूर प्या, पडून जाईल" असं सांगितलं गेलं. घरच्यांनी पानफुटीचा रस दिला, कुळथाचं कढण दिलं, शहाळी दिली. चार दिवसांत कळा थांबल्या. खडा पडला असं सगळ्यांनी धरलं. पुन्हा सोनोग्राफी करायला कुणी सांगितलं नाही, आणि दुखत नसताना कोण करणार?

५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात हे खरं. ९ मिलिमीटरचा पडण्याची शक्यता बरीच कमी. आणि कळ थांबली म्हणजे खडा गेला, असं मुळीच नाही. मूत्रपिंडाची कळ ही खड्याची नसते, अचानक वाढलेल्या दाबाने होणाऱ्या ताणाची असते. अडथळा तसाच राहिला की मूत्रपिंडाकडे येणारं रक्त हळूहळू कमी होतं, लघवी कमी बनते, ताण सैलावतो आणि दुखणं शमतं. ज्याला आपण बरं वाटणं म्हणतो, ते मूत्रपिंडाने काम सोडल्याचं लक्षण असू शकतं. या बाईंच्या बाबतीत अडथळा अर्धवट असावा, म्हणून ते आठ वर्षं रेटत गेलं. पूर्ण अडथळा असता तर कायमच्या नुकसानीला काही आठवडेच पुरतात.

मधल्या काळात काय वाटायचं, तर "कूस जड जड लागायची, टोपलीच्या भाराने असेल म्हटलं." कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणून घ्यायची. महिन्यातून किती, याचा हिशोब त्यांच्याकडे नव्हता.

मग मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि हसल्या. उत्तर सुनेने दिलं. पहाटे घर सोडल्यावर दुपारी परत येईपर्यंत त्या पाणी पीतच नाहीत. तहान लागत नाही असं नाही. बाजारात बायकांना जायला जागा नाही म्हणून. एका ठिकाणी शौचालय बांधलेलं आहे, त्याला कुलूप असतं. पुरुष कुठेही आडोशाला उभे राहतात. बायका सकाळी चहासुद्धा अर्धा कप घेऊन निघतात. त्यांच्या सोबतच्या सगळ्याच जणी असं करतात, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

कोकणच्या दमट हवेत डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्या माणसाचा घाम मोजा. त्यात सहा-सात तास पाण्याचा थेंब नाही. लघवी दाट होते, क्षार जमतात, खडा धरतो. मुतखड्याला टोमॅटोच्या बिया आणि पालक जबाबदार असल्याच्या गप्पा आपल्याकडे फार चालतात. खडे होऊ नयेत यासाठी पहिली आणि सगळ्यात भक्कम गोष्ट एकच आहे: दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी. ते पिणं एखाद्या बाईच्या हातात असतं की बाजारातल्या कुलपाच्या किल्लीवर असतं, हा वैद्यकीयच प्रश्न आहे असं मी मानतो. मासळी बाजारात काम करणाऱ्या बाईला तपासताना तो विचारलाच पाहिजे.

काढायचं की ठेवायचं

पाठीत नळी आणि कमरेला पिशवी घेऊन त्या पाच आठवडे घरी राहिल्या. सुनेला नळीची पट्टी बदलायला परिचारिकेने शिकवलं होतं आणि तिने ते काम कुठेही उणं पडू दिलं नाही. रोज पिशवीत किती जमतं ते कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचं, एवढं आम्ही सांगितलं होतं. त्या नोंदी पुढे फार उपयोगी पडल्या. पहिल्या आठवड्यात पू मिसळलेला, पुढे नितळ. पण चोवीस तासांत १०० ते १२० मिलिलिटरच्या वर कधी गेला नाही, आणि रंग पाण्यासारखा. लघवीचा पिवळेपणाच त्यात नव्हता. चालू स्थितीतलं मूत्रपिंड दिवसाला त्याच्या कितीतरी पट लघवी करतं.

तरी नुसत्या कॅलेंडरवर मूत्रपिंड काढत नाहीत. किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन दोन्ही मूत्रपिंडांचं काम वेगवेगळं मोजणारा डीटीपीए स्कॅन लागतो. त्यासाठी त्यांना मुंबईला पाठवावं लागलं. खेडहून गाडी पकडायची, पाठीत नळी, सोबत मुलगा. या तपासणीला जाणं टाळावं म्हणून घरच्यांनी बराच आग्रह केला, "सीटीत दिसतंय ना सगळं" म्हणून. पण सीटीत आकार दिसतो, काम दिसत नाही. स्कॅनचं उत्तर आलं: उजवं ९४ टक्के, डावं ६ टक्के. लघवीत क्षयाचे जंतू नाहीत याचीही खात्री करून घेतली. आपल्याकडे आक्रसलेल्या, पू झालेल्या मूत्रपिंडामागे क्षय असण्याची शक्यता कधीच बाजूला टाकता येत नाही, आणि क्षय असला तर आधी औषधं सुरू करावी लागतात.

पू काढून, पाच आठवडे विसावा देऊनही १० टक्क्यांच्या खाली काम असेल तर ते मूत्रपिंड राखण्यात फायदा नसतो, असा सर्वसाधारण आडाखा आहे. बाईंचा मात्र पहिला आग्रह होता, "खडा तेवढा काढा, किडनी राहू द्या." खडा काढणं शक्य होतं. पण मागे राहणारी सैल पिशवी पुन्हा पुवाने भरणार, ताप पुन्हा येणार, आणि पुढच्या वेळी त्या वेळेत पोचतील याची हमी कोण देणार? शिवाय वर्षानुवर्षं खडा घासत राहिलेल्या अस्तरात क्वचित कर्करोग होतो, तोही मनात होताच.

"एका किडनीवर माणूस जगतो का?" हा प्रश्न त्यांनी मला, भूलतज्ज्ञांना आणि वॉर्डातल्या मावशींना, अशा तिघांना वेगवेगळा विचारला. तो जुना आहे. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीत हायडेलबर्ग इथे गुस्ताफ सिमोन या शल्यविशारदाने पहिल्यांदा ठरवून एक मूत्रपिंड काढलं, तेव्हा त्यालाही हेच कोडं होतं. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, ती जगतात याची खात्री केली, आणि मगच त्या रुग्ण स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. ती जगली. आज नात्यातल्या माणसाला एक मूत्रपिंड देऊन आपल्या कामाला लागलेले दाते गावागावांत आहेत. बाईंना मी सिमोनची गोष्ट सांगितली नाही. त्यांना स्कॅनचा कागद दाखवला आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही आजही एकाच किडनीवर जगताय. ९४ टक्के काम उजवीकडे चाललंय. आम्ही काढणार ती ओझं झालेली." हे त्यांना पटलं. ओझं म्हणजे काय ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

कुठून काढायचं

उघड्या पद्धतीने मूत्रपिंड काढताना कुशीवर पंधरा ते वीस सेंटिमीटरचा छेद घेतात, बाराव्या फासळीच्या रेषेत. कधी तिचा तुकडा काढावा लागतो. पोटाच्या भिंतीचे तीन स्नायू एकाखाली एक कापले जातात आणि बाराव्या फासळीखालून जाणारी नस दुखावली जाऊ शकते. मग जखम भरली तरी ती बाजू सैल पडून फुगवटा राहतो. ऑफिसात बसणाऱ्याला तो शर्टाखाली लपवता येतो. डोक्यावर पंचवीस किलो तोलून चालणाऱ्या बाईचा सगळा तोल याच स्नायूंवर असतो. त्यांच्यासाठी दुर्बिणीची पद्धत निवडण्याचं माझं मुख्य कारण हे होतं. छोटे व्रण आणि घरी लवकर जाणं हे फायदे खरेच आहेत, पण माझ्या लेखी ते दुसऱ्या क्रमांकाचे.

याची दुसरी बाजूही घरच्यांसमोर मांडली. पू होऊन गेलेलं मूत्रपिंड भोवतालच्या अवयवांना चिकटलेलं असतं. चांगले थर सुटे करत जाणं हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया, आणि इथे थरच उरत नाहीत. म्हणून संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडून" हे शब्द मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. त्या क्षणी पोट उघडलं तर शस्त्रक्रिया फसली असा अर्थ कुणी काढू नये. तो त्याच शस्त्रक्रियेचा पुढचा टप्पा असतो. हे आधी बोलून ठेवलं की टेबलावर सर्जनवरही दुर्बिणीलाच चिकटून राहण्याचं दडपण येत नाही. सुनेने मध्येच एक नेमकी शंका काढली: "एवढ्याशा भोकातून अख्खी किडनी निघणार कशी? तुकडे करणार?" तिला सांगितलं, आत पिशवी सरकवून तिच्यात मूत्रपिंड भरतात, पिशवीचं तोंड आवळतात, आणि शेवटी एक भोक तेवढं मोठं करून पिशवी ओढून काढतात.

अमेरिकेत सेंट लुईसला राल्फ क्लेमन आणि सहकाऱ्यांनी २५ जून १९९० रोजी जगातलं पहिलं मूत्रपिंड दुर्बिणीतून काढलं, तेव्हा मात्र त्यांनी पिशवीत त्याचे बारीक तुकडे करूनच ते बाहेर घेतलं होतं. रुग्ण ८५ वर्षांच्या बाई होत्या आणि शस्त्रक्रियेला जवळपास सात तास लागले होते. त्यानंतर दोनच वर्षांत या विद्येत मुंबईची मोलाची भर पडली. पोटाच्या पोकळीत न शिरता पाठीमागून थेट मूत्रपिंडापाशी जायचं तर तिथे काम करायला जागा नसते. बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. डी. डी. गौर यांनी शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा, एक रबरी नळी आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पंप जोडून फुगा बनवला, तो त्या जागी फुगवला आणि जागा तयार केली. हे १९९२ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर वापरात आलं. साध्या वस्तूंतून एवढं मोठं दार उघडणाऱ्या त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

आमच्या रुग्णासाठी पाठीमागची वाट मोहाची होती, कारण पुवाचा संसर्ग पोटात पसरायची भीती तिथे कमी. पण पाच आठवडे नळी त्याच बाजूने आत होती, तिच्या भोवती सगळं घट्ट झालेलं असणार. फुगा फुगेलच याची खात्री नव्हती. म्हणून पोटातून जायचं ठरलं. दिवाळी झाल्यावरची तारीख त्यांनीच मागितली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी आली, केशरी कार्ड होतंच. रक्ताच्या एका पिशवीची सोय मुलाच्या होडीवरच्या खलाशांनी केली. मिशेरी तीन आठवडे आधी बंद करायला लावली. भुलीनंतरच्या खोकल्याचा पोटाच्या टाक्यांवर ताण येतो, हे कारण सांगितल्यावर त्यांनी ती खरोखर बंद केली.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल. उजव्या कुशीवर झोपवून डावी बाजू वर. आधी पाठीतल्या नळीतून उरलासुरला द्रव ओढून घेतला. बेंबीच्या थोडं डावीकडे पहिलं १० मिलिमीटरचं छिद्र, पोटात कार्बन डाय ऑक्साइड पाऱ्याच्या १२ मिलिमीटर दाबापर्यंत, आणि कॅमेऱ्याखाली बघत आणखी तीन छिद्रं.

मोठं आतडं त्याच्या बाहेरच्या कडेने सुटं करून आत लोटलं. इथपर्यंत सोपं गेलं. मूत्रनलिका आणि तिच्या शेजारची अंडाशयाची शीर खाली, कमरेच्या स्नायूवर सापडली. ती उचलून धरायची आणि तिच्या मागोमाग वर जायचं, म्हणजे आपण आपसूक मूत्रपिंडाच्या मुळाशी पोचतो. पण खालचं टोक मागच्या स्नायूला फणसाच्या चिकासारखं धरून बसलं होतं. पाठीतली नळी जिथून आत आली होती तीच ही जागा.

अशा ठिकाणी घाई केली की रक्त येतं, रक्त आलं की कॅमेऱ्याला दिसत नाही, दिसलं नाही की पुढचा टप्पा अंदाजाने होतो. चमूत आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं की अर्धा तास काहीच पुढे सरकलं नाही तर पोट उघडायचं. परिचारिकेने घड्याळावर लक्ष ठेवलं होतं आणि उघड्या शस्त्रक्रियेची ट्रॉली झाकून शेजारी तयार होती. चिकटलेला भाग तिथेच सोडून आम्ही वरच्या, तुलनेने मऊ बाजूने मुळाकडे गेलो. वीस-बावीस मिनिटांनी दाट चरबीखाली डावी मूत्रपिंड शीर निळसर दिसली, आणि तिच्या मागे धमनीचं स्पंदन.

धमनी आधी बांधायची, शीर नंतर. उलट केलं तर रक्त आत येत राहतं आणि बाहेर जायची वाट बंद, मूत्रपिंड फुगतं आणि जिथे हात लागेल तिथून रक्त झिरपतं. आठ वर्षं उपाशी राहिलेल्या या मूत्रपिंडाची धमनी बारीक झाली होती. तिला तीन प्लास्टिकच्या क्लिपा लावल्या, दोन शरीराच्या बाजूला, एक मूत्रपिंडाच्या, आणि मध्ये कापली. डाव्या शिरेला आजूबाजूच्या तीन-चार लहान शिरा येऊन मिळतात, त्यांतली एखादी कमरेकडून मागच्या बाजूने येते आणि दिसत नाही. ती शोधून वेगळी बांधल्यावरच मुख्य शीर कापली. मुळं सुटल्यावर खालच्या चिकटलेल्या टोकाकडे परत आलो. तिथे मूत्रपिंडाचं कवच स्नायूवर थोडं राहू दिलं आणि कवचाच्या आतून ते सोडवलं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत असं करून चालत नाही, इथे चालतं.

भूल दिल्यापासून पिशवी बाहेर येईपर्यंत तीन तासांच्या आतबाहेर गेले. रक्तस्राव १५० मिलिलिटर. ओटीपोटाजवळचं छिद्र पाच सेंटिमीटरपर्यंत वाढवून पिशवी काढली. खलाशांनी दिलेलं रक्त लागलं नाही, ते दुसऱ्या रुग्णाच्या कामी आलं.

नंतर

संध्याकाळी बाई घाबरल्या ते पोटाने नव्हे, तर डाव्या खांद्याने. "खांदा धरलाय, छातीचं काही आहे काय?" ईसीजी काढला, ठीक होता. पोटात भरलेल्या वायूने श्वासपटलाला त्रास होतो आणि त्याची नस खांद्याकडच्या नसेशी नातं सांगते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत जातं. हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगून ठेवलं तर रुग्णाची एक रात्र वाचते.

दुसऱ्या सकाळी त्या सुनेचा हात धरून वॉर्डाच्या दारापर्यंत चालल्या. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी, पोटातली निचऱ्याची नळी तिसऱ्या दिवशी काढली आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. क्रिएटिनीन १.२. पण छिद्रं लहान म्हणून आतलं काम लहान ठरत नाही. आतून तेवढेच अवयव, तेवढ्याच रक्तवाहिन्या हाताळलेल्या असतात. दुखत नाही म्हणून रुग्ण लवकर ओझं उचलतात आणि ज्या पाच सेंटिमीटरच्या छेदातून पिशवी काढली तिथे हर्निया होतो. सहा आठवडे टोपली नाही, हे मी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. ऐन हंगाम होता. तेवढे दिवस सून लिलावाला गेली.

तपासणीसाठी पाठवलेल्या मूत्रपिंडात जुनाट संसर्ग, झिजून गेलेला मांसल थर, कर्करोग नाही, क्षय नाही, असा अहवाल आला. निकामी म्हणून काढलेलं मूत्रपिंड बादलीत टाकून द्यायचं नसतं, प्रयोगशाळेत पाठवायचंच असतं. वर्षानुवर्षं खडा राहिलेल्या रुग्णांत तर नक्कीच.

घरी जाताना दिलेल्या सूचनांपैकी सगळ्यात अवघड गेली ती सुकी मासळी कमी करण्याची. सुके बोंबील, सोडे, खारवलेला बांगडा हे पावसाळ्यात त्यांच्या घरचं रोजचं जेवण. एवढं मीठ एकट्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला परवडत नाही, आणि जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियमही वाढतं, म्हणजे पुन्हा खड्याला निमंत्रण. पूर्ण बंद करा असं सांगितलं असतं तर त्यांनी माझं बाकीचंही ऐकलं नसतं. आठवड्यातून एकदा, आधी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, यावर आमचं जमलं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र कायमच्या बंद. तसं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद त्यांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आता आहे.

वर्षभराने तपासलं तेव्हा रक्तदाब ठीक, लघवीत प्रथिनं नाहीत, व्रण शोधावे लागावेत असे. त्या पुन्हा टोपली उचलतात, पूर्वीपेक्षा हलकी. सोबत पाण्याची बाटली असते. फेरीच्या वाटेवर एका ओळखीच्या घरी त्यांनी जायची-यायची सोय लावून घेतली आहे आणि त्या घरी दर आठवड्याला मासळी पोचते.

पण सोनोग्राफीत उजव्या, म्हणजे आता एकुलत्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा खडा दिसला. तो सध्या आतच, एका कोपऱ्यात आहे, कुठेही अडथळा नाही. चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासायला दिली आहे, सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी होईल, आणि खडा वाढतोय असं दिसलं तर दुर्बिणीने लघवीच्या मार्गातून जाऊन तो आधीच काढायचा असं ठरलं आहे. दोन मूत्रपिंडं असणाऱ्या माणसाचा एवढा खडा मी निवांत सोडला असता. इथे तो घसरून मूत्रनलिकेत अडकला तर लघवीच बंद होईल. म्हणून मुलाला आणि सुनेला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: आठ-दहा तास लघवी झाली नाही, किंवा उजव्या कुशीत कळ येऊन थंडी वाजली, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. आमचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये आहे.